बॅकअप हाय ना?

सहदेवतात्या बॅटरी घेऊन जिना चढत होते. इन्व्हर्टरची जाडजूड बॅटरी ती. एक बाजू तात्यांनी धरलेली, दुसरी नम्रतानं, आणि पायरीपायरीला तात्यांचं "जपून गं, जपून" चाललेलं. खालापुरातल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात मिहीर दाराआड उभा राहून ते ऐकत होता. मागच्या बाजूनं आणखी एक जिना असता तर फार बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं.

"सर, तुमचा बॅकअप कमी पडला म्हनं," दारात बॅटरी टेकवत तात्या म्हणाले. "डेअरीतली काढून आनली. पार नवी हाय. ही लावा आनि आमच्या गायी परत आना."

डोक्यावर पंखा गरगरत होता. ट्यूब चालू होती. तात्यांनी वर पाहिलं.

"आली वाटतं लाईट," ते म्हणाले आणि घाम पुसत बाकावर बसले.

मिहीर कर्जतचा. आई सुचेताबाई तिथल्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे आसपासच्या गावांत तो अजूनही 'बाईंचा मिहीर'. आणि बाईंचा म्हटल्यावर त्याच्या शब्दावर कोण शंका घेणार? पुण्यातली नोकरी सोडून तो परत आला आणि खालापुरात त्यानं डेटाबेस होस्टिंग सुरू केलं. म्हणजे लोकांची माहिती आपल्या मशीनवर ठेवायची, सतत चालू ठेवायची आणि मागेल तेव्हा मागेल तशी द्यायची. यात कसली आलीय कर्तबगारी, असं कुणाला वाटेल. पण प्रत्येकाच्या माहितीचा स्वभाव निराळा. रक्त तपासणाऱ्या लॅबला एक तऱ्हा लागते, पोल्ट्रीच्या तापमानाला दुसरी आणि कडावच्या दूध डेअरीला तिसरीच. कुठली गाय कुणाची कालवड, कुठल्या वळूपासून गाभण, कधी विणार, अशी सगळी नाती तिथं सांभाळायची. असं ज्याला त्याला खास करून देणारा या पट्ट्यात दुसरा कुणी नव्हता. गिऱ्हाइकांची रीघ लागली. मिहीरला कुणालाच नाही म्हणवेना, कारण सगळे त्याला फार हुशार म्हणत होते आणि ते ऐकायला त्याला आवडत होतं.

कडावची बैठक डेअरीच्या ओट्यावर झाली होती. मिहीरनं सगळं समजावून सांगितलं, चहा झाला, आणि चेअरमन म्हणून शेवटचा प्रश्न तात्यांनी विचारला.

"समदं पटलं. पन बॅकअप हाय ना?"

आता कडावात बॅकअपचा अर्थ एकच: लाईट गेल्यावर किती वेळ चालतं ते. इन्व्हर्टरच्या दुकानातून गावात आलेला शब्द. तात्या काय विचारतायत ते मिहीरला तत्क्षणी कळलं. पण तात्यांच्या शेजारी डेअरीची सेक्रेटरी नम्रता बसली होती. कर्जतला कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. तिनं मान वर करून पाहिलं, कारण तिच्या कानावर तोच शब्द दुसऱ्या अर्थानं पडला होता. माहितीची दुसरी प्रत, निराळ्या जागी जपून ठेवलेली.

"आहे ना! एकदम दणकट," मिहीर म्हणाला.

तात्यांनी मान डोलावली. नम्रतानंही डोलावली. इन्व्हर्टर होता, तेवढं खरंच होतं. दुसऱ्या प्रतीची सोय अजून व्हायची होती, पुढच्या आठवड्यात करू म्हणून राहिलेली. दोघं दोन वेगवेगळ्या गोष्टींना हो म्हणतायत हे मिहीरला स्वच्छ दिसलं, आणि त्यानं वेळ मारून नेली. एका शब्दात दोघांचं समाधान केलं म्हणून घरी जाताना स्वतःशी हसलासुद्धा. ते हसणं आठवलं की आता त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटे.

पुढचा आठवडा काही उगवला नाही. एक नवं गिऱ्हाईक आलं, मग आणखी एक. जागा पुरेना, म्हणून मोठं मशीन आलं, आणि सगळं तिकडं हलवण्याच्या गडबडीत मिहीरनं जुनी, चाचणीपुरती भरलेली माहिती समजून कडावची चालू माहितीच पुसून टाकली. दुसरी प्रत नव्हतीच. मग त्यानं नम्रताला फोन केला आणि "थोडा टेक्निकल प्रॉब्लेम आहे" म्हणाला. कडावात त्या आठवड्यात लाईट सारखी जात होती, तेव्हा प्रॉब्लेम कसला असणार हे तात्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही.

आता तात्या बाकावर बसून वाट पाहत होते. मिहीरनं घसा खाकरला.

"तात्या, बॅकअप नव्हता."

"म्हनून तर आनलाय ना!" तात्यांनी बॅटरीवर थाप मारली. "तुमी लाजू नका. बाईंच्या मुलाला आमी अडचनीत सोडू व्हय?"

खरं बोलायला तोंड उघडावं आणि समोरच्यानं आपलीच पाठ थोपटावी!  टेंपो रस्त्यात आडवा लावलाय म्हणून तात्या खाली गेले, तशी नम्रता पुढं आली.

"सर, दुसरी कॉपी?"

मिहीरनं नकारार्थी मान हलवली.

"कुठंच नाय?"

"कुठंच नाही."

ती बॅटरीच्या कडेवरच बसली. "बायकांकडची गायींच्या नोंदींची कार्डं मी फाडायला लावली," ती म्हणाली. "आता डोक्यात ठेवायची गरज नाय, म्हनून घरोघरी सांगत फिरले. लोक हसत व्हते, तरी फिरले." मग तिनं मान वर केली. "त्या दिवशी मी मान डोलावली, ती तुमी बघितली व्हती."

"हो."

"मंग मला काय समजलंय ते तुमाला कळलं व्हतं."

"कळलं होतं."

तिनं ओरडावं, शिव्या द्याव्यात, असं मिहीरला वाटलं. ती पदर झटकत उठली. "सांजच्याला दूध घालायला समद्या येतील. मी नाय सांगायची. तुमी चला."

सर डेअरीवर येतायत म्हटल्यावर खाली तात्यांनी टेंपोची पुढची सीट फडक्यानं पुसली. "मी मागं बसतो, तात्या," मिहीर म्हणाला. "नम्रताला बसू दे पुढं."

"पावन्याला मागं बसवायची रीत नाय आमची," तात्या म्हणाले, आणि नम्रता मागं चढली. चौक गावावरून टेंपो कर्जतच्या रस्त्याला लागला. सगळ्या वाटेनं तात्या बाईंच्या शिस्तीचे गोडवे गात होते. मिहीर नुसता हं हं करत होता. आता सांगू, पुढच्या वळणावर सांगू, असं करता करता कर्जत मागं पडलं. त्याची हिंमत झाली नाही, एवढंच खरं.

डेअरीवर बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. मिहीर दुधाच्या काट्याजवळ जाऊन उभा राहिला.

"तुमच्या गायींची सगळी माहिती माझ्याकडून पुसली गेली," तो म्हणाला. "ती परत येणार नाही."

पुसली गेली! जणू माहितीच स्वतः फडकं घेऊन निघाली होती. बोलल्या बोलल्या त्याचं त्यालाच ते ऐकवेना.

रांगेत पहिली भागूबाई होती. "मंग माजी चंद्री कदी विनार?"

"माहीत नाही, मावशी."

"आदी मला तोंडपाठ असायचं," भागूबाई म्हणाली. "कुनाचीबी गाय असू दे, मला इचारून जायचे. ही नम्रता म्हनली, मशीन ठेवतंय आता ध्यानात. म्हनून इसरले मी." मग तिनं मिहीरच्या पडलेल्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि तिला त्याची दया आली. "जाऊ दे रं बाबा. तुजा काय दोस? लाईटच मेली अशी."

"लाईटीनंच घात केला," मागून कुणीतरी म्हणालं.

"बॅटरी आदीच न्यायला पायजे व्हती," तात्यांनी हळहळून सांगितलं.

सगळं गाव मिळून त्याला सोडवत होतं. त्यानं मान खाली घालून हो म्हणायचं, की सुटला. नम्रता काट्यावरचा आकडा बघत होती, त्याच्याकडं तिनं एकदाही पाहिलं नाही.

"लाईट होती, मावशी," मिहीर म्हणाला.

"व्हती?"

"होती. मी पुसलं. चुकून, पण मीच. आणि अशा वेळेसाठी सगळ्याची एक नक्कल दुसरीकडं ठेवायची असते. तिलाच बॅकअप म्हणतात. ती मी ठेवलीच नव्हती."

तात्या सावकाश पुढं आले. "पन मी इचारलं व्हतं," ते म्हणाले. "बॅकअप हाय ना, म्हनून."

"हो."

"तुमी हाय म्हनालात."

तुम्ही इन्व्हर्टरचं विचारत होतात, हे उत्तर मिहीरच्या जिभेवर अगदी तयार होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"हो तात्या," तो म्हणाला. "म्हणालो."

 भागूबाईनं किटली उचलली आणि काट्याकडं आली.

"बाजूला व्हा, सर," ती म्हणाली. "दूध घालायचंय."