कुसाबाईपर्यंत जाणारी चारी

मी चारी बोलतेय. शेतात पाणी नेणारी. चारी म्हणजे काय, तर लांबलचक खड्डा. ना सिमेंट, ना फरशी, नुसती मातीची. वय सेहेचाळीस. या वयात बाईचं होतं तेच माझं झालंय. मधेमधे पसरलेय, काठ ढासळलेत, आणि कुठे किती गळते ते आपण नकोच बोलायला.

वणीच्या अलीकडे ओढ्यावर एक दगडी बंधारा आहे. तिथून मी निघते आणि सहा जणांच्या शेतांना लागून खाली उतरते. शेवटचं शेत कुसाबाईचं. तिच्या वाफ्यांपाशी मी संपते.

मला खंडेरावांनी खणलं. लेव्हल बघायचं मशीन कुठलं त्यांच्याकडे? थोडं खणायचं, वरून घागरभर पाणी सोडायचं, ते कुठे थबकतंय बघायचं आणि तिथली बोटभर माती अजून काढायची. दोन उन्हाळे हेच चाललं होतं. पाणी रांगत रांगत कुसाबाईच्या बांधाला टेकलं, तेव्हा माणूस मटकन खाली बसला. कुसाबाई तेव्हा नवी नवरी. तिने गूळ वाटला.

नियमही त्यांनीच घातला. पाणी सुटलं की पहिला नंबर शेवटच्याचा. कुसाबाईचे वाफे भरले की ती माझ्या काठाने चालत वर यायची आणि वरच्याला सांगायची, "झालं माझं." मग तो दारं फोडून, म्हणजे माझा काठ कापून, पाणी स्वतःकडे वळवायचा, आणि त्याचं झालं की त्याच्या वरच्याला सांगायला जायचा. पाणी खाली, निरोप वर. खालच्याने तोंडाने सांगितल्याशिवाय कुणी दारं फोडायचं नाही.

यात खंडेरावांची चलाखी होती. पाणी खालपर्यंत पोचल्याशिवाय वरच्याचा नंबरच लागत नाही, म्हणून दिवाळी झाली की सहाही घरची माणसं फावडी घेऊन मला पार शेवटपर्यंत साफ करायची. मला बरीच वर्षं ते प्रेम वाटत होतं. असते एकेकीची समज.

पुढे ठिबक आलं. शर्टात पेन खोचलेले लोक येऊन सांगून गेले की असं मोकाट पाणी देणं म्हणजे नासाडी, अर्धं तर चारीच पिते. पिते की. नाही कशाला म्हणू? मी प्यायलेलं पाणी आजूबाजूच्या विहिरींत उतरतं आणि त्याच विहिरींवर ठिबक चालतं, हे मात्र मी सांगायला गेले नाही. खड्ड्याचं कोण ऐकतंय?

खंडेराव गेले. त्यांच्या मुलाचं, ललितचं शेत कुसाबाईच्या बरोबर वर. त्याने द्राक्षबाग लावली, ठिबक केलं, आणि माझ्याकडे बघायचं त्याला कारण उरलं नाही. पोरगा वाईट नाही. कुसाबाईच्या गोण्या स्वतःच्या पिकअपमधून मार्केटला नेतो.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटी, कुसाबाईच्या आधीच्या पाळ्या झाल्यावर, बागेपर्यंत गाड्या जाव्यात म्हणून त्याने माझ्यावरून आडवा मुरुमाचा रस्ता टाकला. खाली माझ्यासाठी पाईप. काळाभोर, नवाकोरा. मला वाटलं, चला, म्हातारपणी दागिना मिळाला. पाच जण बघायला उभे होते, कुसाबाईने सगळ्यांना चहा केला. रस्ता सपाट झालाय का, हे प्रत्येकाने वाकून पाहिलं. पाईप माझ्या तळापेक्षा वीतभर वर बसलाय, हे कुणीच पाहिलं नाही. मीही नाही. मी नटण्यात दंग.

कुसाबाई कांद्याचं बी घरचंच धरते. सासूच्या हातचा वाण. बियाण्याचे कांदे लावायचे, त्यांना दांडे येतात, दांड्यांवर पांढरे गोंडे. गोंड्यात दाणा भरताना शेवटचं एक पाणी लागतंच. आणि कांद्याचं बी वर्षभरच टिकतं. एक साल हुकलं की वाण संपला.

मार्चमध्ये त्या शेवटच्या पाण्याला बंधाऱ्याचं दार उघडलं. मी धावत निघाले, म्हणजे माझ्या मानाने धावत. ललितच्या रस्त्यापाशी थांबले. पाणी चढलं, पाईपला टेकायच्या आत माझा काठ फुटला, आणि सगळं नाल्यात.

कुसाबाई ललितकडे गेली.

"काकू, द्राक्षांचा खुडा चालूय," तो म्हणाला. "दिवसाला सहा गाड्या जातात. आठ दिवस द्या, मग रस्ता फोडतो. विहिरीतलं दिलं असतं, पण ती तळाला गेलीये. बागेलाच पुरेना."

आठ दिवसांनी बंधाऱ्यात चिखल राहणार होता. तिलाही ठाऊक, त्यालाही.

ललितला माझं पाणी नकोच, त्यामुळे पुढचा नंबर त्याच्या वरच्या गोटीरामचा. तो दोन दिवस फावडं घेऊन आपल्या दारापाशी बसून होता. नियमाचा पक्का माणूस. तिसऱ्या दिवशी सकाळी तोच तिच्या बांधावर आला.

"वैनी, तुम्ही बोलल्याबिगर मी दारं कसं फोडू?"

"माझ्याकडं पाणी आलंच नाय, भावजी."

"दिसतंय ना मला." तो खाली बघत राहिला. "पण नियम हाय आपला. वर चौघांचे कांदे सुकताय. बंधारा लय खाली गेला."

त्याच्या हातात फावडं होतं. रस्ता तिथून वीस पावलांवर. दोघांनी एकदाही तिकडे पाहिलं नाही.

कुसाबाईने पदराने तोंड पुसलं. "झालं माझं," ती म्हणाली. "फोडा."

गोटीरामचा जीव भांड्यात पडला. नियम मोडला नव्हता ना.

एप्रिलमध्ये तिने वाळलेला गोंडा तळहातावर चोळला आणि फुंकर मारली. हातावर काही राहिलं नाही. दुसरा चोळला, तिसरा चोळला. मग टोपली उचलून घरी गेली. परवा वणीच्या दुकानातून बियाण्याचं पाकीट आणलं तिने.

खुडा संपल्यावर ललित रस्ता फोडायला आला होता, खरंच आला होता. तिने नको म्हटलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली आणि ती एकटीच कुदळ घेऊन आली. माझे दोन्ही काठ तिने माझ्यातच ओढले, रस्त्यापासून तिच्या वाफ्यांपर्यंत, बोटबोट. पाऊस पडल्यावर वर हुलगे पेरले. हुलग्यांना पाणी द्यावं लागत नाही.

चांगले उगवलेत. मुळं गुदगुल्या करतात. रस्त्याच्या वर माझं उरलेलं अंग अजून वाहतं, त्याच्याशी माझं बोलणं नाही.

आता बंधाऱ्याचं दार उघडलंत, तर मला खालून हाक मारू नका. इथे चारी नाही. कुसाबाईची दीड हात जास्तीची जमीन आहे.