चालू राहिलेला माइक

माजी पंतप्रधान गेले आणि गावातल्या शोकसभेचा माइक लावायचं काम ओघानंच माइककाकांकडे आलं. ते तर त्यांच्या हातचा मळ! पण आयोजकांनी जाता जाता सांगितलं, "काका, दोन शब्द तुम्हीही बोला," आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं. सगळी हयात दुसऱ्यांचा आवाज लावण्यात गेली. स्वतः ते माइकमध्ये 'हॅलो, हॅलो'च्या पुढे कधी गेले नव्हते.

"मला नाही जमायचं," घरी येऊन ते म्हणाले.

"मग नका बोलू," बायको म्हणाली. "साहेबांचे आभार मानायचेत, मानायचेत करत जन्म घालवलात. आता माणूसच राहिलं नाही. आजही तोंड शिवून बसा!"

बोलणं झोंबलं, कारण खरं होतं.

गोष्ट साहेब पंतप्रधान व्हायच्या आधीची. ते निवडणुकीला उभे होते आणि गावच्या मैदानावर सभा होती. एक वक्ता बसला की दुसरा उठेपर्यंत माइक बंद ठेवायचा, ही काकांची रीत. त्या दिवशी मेला एक कर्णा सारखा शिट्टी मारत होता. काका त्याच्यामागे लागले आणि साहेबांच्या पुढ्यातला माइक चालूच राहिला. तेवढ्यात पक्षाचा चिटणीस साहेबांच्या कानाशी लागला.

"समोरचा उमेदवार कुठे दिसत नाही. मैदान सोडून पळाला म्हणा. लोक तुम्हाला डोक्यावर घेतील."

"अहो, बायको अंथरुणाला खिळलीय त्याची," साहेब म्हणाले. "तिच्या उशाशी बसलाय तो, पळतोय कुठला! असलं बोलून निवडून येण्यापेक्षा मी पडलेला बरा."

अख्ख्या मैदानानं ऐकलं! चिटणीसाचं तोंड बघण्यासारखं झालं. सभा संपताच तो काकांवर धावून आला. "उद्यापासून तुझं सामान आमच्या सभेत दिसता कामा नये!" काकांचा धंदा नवा, घरात तान्ही मुलगी. त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली.

साहेब मध्ये पडले. "मी बोललो तेच लोकांनी ऐकलं ना? मग त्याच्या पोटावर पाय कशाला?" काकांकडे वळून म्हणाले, "उद्याही तुम्हीच या."

ती निवडणूक साहेब हरले. चिटणीसानं सगळं खापर माइकवर फोडलं. साहेबांनी काकांना शब्दानंही दुखावलं नाही. पुढे पंतप्रधान झाल्यावरही ते या भागात आले की माइक काकांचाच. त्यावर संसार उभा राहिला, मुलगी शिकली. पण साहेब समोर आले की काका नुसते हात जोडायचे. घशातून शब्द फुटेल तर शपथ!

शोकसभेत काकांना पुढे बोलावलं. पहिल्याच रांगेत तो जुना विरोधी उमेदवार बसला होता, शेजारी त्याची बायको. दोघंही पार थकलेली. काका माइकशी गेले आणि सवयीनं म्हणाले, "हॅलो, हॅलो." लोक हसले. त्या हसण्यानं त्यांना जरा धीर आला.

"साहेब," ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही माझी चूक पोटात घातलीत. माझं घर तुमच्यामुळे चाललं. फार उपकार झाले तुमचे. हे तुमच्या तोंडावर बोलायला हवं होतं, पण..."

त्यांचा हात माइक बंद करायला बटणाकडे गेला.

पहिल्या रांगेतला म्हातारा काठीवर जोर देत उभा राहिला.

"थांबू नकोस," तो म्हणाला. "माझ्याकडूनही सांग त्यांना. हिच्याकडूनही."