उंच केलेली जीप

आमच्या घरात त्या जीपला आत्याबाई म्हणतात. नाव सासऱ्यांनी ठेवलेलं. त्यांची एक आत्या होती म्हणे, तिला कुठं न्यायचं तर आधी मनधरणी करावी लागे आणि पोचल्यावर सगळ्यांनी तिची विचारपूस करावी लागे. जीपचंही तसंच. सासरे गेले, जीप राहिली. माझा नवरा आणि धाकटा दीर तिच्या मागच्या बाकावर लहानाचे मोठे झाले, त्यामुळे रविवारी दोघं भाऊ तिला धुतात, पुसतात, बॉनेटवर हात ठेवून फोटो काढतात आणि टेकडीवर एक चक्कर मारून आणतात. बाकीचे दिवस तिला चालवते मी.

मी जनावरांची डॉक्टर आहे. माझे गोठे डांबरी रस्त्याच्या कडेला नाहीत. ओढा ओलांडायचा, दगडगोट्यांतून वर चढायचं, पुढं जिथं वाट संपते तिथं गाय अडलेली असते. इतकी वर्षं मी आत्याबाईंचे नखरे सोसले. तिचा क्लच दाबायचा म्हणजे भिंत ढकलायची. तिचं स्टेअरिंग वळवायचं म्हणजे खांदे भरून येतात. प्रत्येक दगड थेट माझ्या माकडहाडाला येऊन भेटतो. शेवटी कंबरेनं हात टेकले. हाडांच्या डॉक्टरांनी मणक्याचा फोटो उजेडात धरून दाखवला. मधली एक गादी सरकली होती, नस दबत होती, डाव्या पायाला मुंग्या येत होत्या त्या त्यामुळेच.

"गाडी बदला, नाहीतर काम बदला," ते म्हणाले. "दोन्ही नाही बदललंत तर हा पाय तुमचं ऐकणार नाही."

काम बदलायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. मुख्य कचेरीत एक टेबल रिकामं आहे. तिथं बसून इतरांनी आणलेल्या नमुन्यांच्या बाटल्या तपासायच्या. मला बाटल्या नको आहेत. मला जनावरं हवी आहेत, त्यांचा वास, त्यांच्या लाथा आणि पोटातलं वासरू हाताला लागतं तो क्षण हवा आहे. दुसरं मला काही येत नाही आणि शिकायचंही नाही.

म्हणून मी गाडी शोधली. जुन्या गाड्या विकणाऱ्या एका माणसाकडे राखाडी रंगाची एक होती. चारही चाकांना जोर, पण बसायला बसकी आणि अंगानं मऊ. मी ती त्याच्या आवारामागच्या खडबडीत जागेत चालवून पाहिली आणि उतरल्यावर कंबर धरावी लागली नाही. तो आत्याबाईंना बदल्यात घ्यायला तयार होता. शनिवारपर्यंत थांबतो म्हणाला, दुसरं एक गिऱ्हाईक होतं. फक्त जीपचे कागद नवऱ्याच्या नावावर होते.

रात्रीचं जेवण होईपर्यंत मी धीर धरला आणि मग विषय काढला. दीर वरच्या मजल्यावर राहतो. अशा वेळी त्याला बोलवावं लागत नाही, वास आल्यासारखा खाली येतो.

"अगं, तिला आत्मा आहे," नवरा म्हणाला. नवरा शाळेत चित्रकला शिकवतो. शाळा हाकेच्या अंतरावर आहे. तो पायी जातो.

"असेल. शॉक अ‍ॅब्सॉर्बर नाहीत."

"वहिनी, आत्याबाईंना विकायचं म्हणजे बाबांना विकण्यासारखं आहे हो," दीर म्हणाला.

"भावजी, बाबांना विकून माझी कंबर बरी होणार असती, तर मी तेही विचारलं असतं."

दोघं हसले. मी हसत नव्हते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आमच्याकडे बाईला राग आला की ती गमतीशीर दिसते, असा एक समज आहे.

मी पुन्हा सगळं सांगितलं. गादी, नस, पाय, टेबल, बाटल्या. नवऱ्यानं ऐकलं. माझा हात हातात घेतला. म्हणाला, "मला शनिवारपर्यंत वेळ दे. तिला गॅरेजमध्ये नेऊन नीट करून आणतो. तुझा त्रास संपलाच समज."

त्या माणसाला देण्याआधी गाडी ठीकठाक करायची असेल, असं मला वाटलं. चांगल्या घरातली माणसं तसंच करतात. मी रजा टाकली आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन आडवी झाले. त्या दिवसांत मी नवऱ्यावर मनापासून खूष होते, हे आठवलं की आजही माझी मलाच चीड येते.

शनिवारी सकाळी फाटकाशी हॉर्न वाजला. मी भिंतीला धरून बाहेर आले. आत्याबाई उभ्या होत्या. त्यांना आधी मी ओळखलंच नाही, कारण त्या चांगल्या हातभर उंच झाल्या होत्या. खाली भलीमोठी चाकं, नव्या जाडजूड स्प्रिंगा, पुढं लोखंडी नळ्यांचा मुखवटा, टपावर दिव्यांची रांग. दोन्ही भाऊ बाजूला उभे राहून अशा कौतुकानं हसत होते, जणू त्यांनीच तिला जन्म दिला होता. दीर मोबाईलवर माझं तोंड टिपत होता.

"बस ना," नवरा म्हणाला. "तुझ्यासाठी केलंय."

"माझ्यासाठी?"

"दगड खालून लागतात म्हणत होतीस ना? आता लागणारच नाहीत. उंच करून घेतली. आणि सीट बघ, शर्यतीच्या गाडीतलं आहे. कंबर अशी आवळून धरतं की हलायचं नाव नको."

मी दार उघडलं. पाय ठेवायची फळी माझ्या मांडीच्या उंचीवर होती. मी डावा पाय उचलला, तो गुडघ्याच्या वर गेला नाही. उजवा उचलला, तर डाव्यानं भार घेतला नाही. मी दार धरून एका पायावर उभी आणि समोर मोबाईल.

"थांब, थांब," म्हणत नवरा घरात धावला आणि स्वयंपाकघरातला स्टूल घेऊन आला. ओट्यावरचे डबे काढायचा तो स्टूल. त्यानं तो जीपपाशी मांडला, हातानं पुसला आणि माझ्याकडे बघितलं.

तळपायाची आग मस्तकाला गेली म्हणतात, ती कशी जाते ते मला त्या दिवशी कळलं. डाव्या तळपायाला एरवी काही कळत नव्हतं, पण आग कळली.

"भावजी, तो मोबाईल बंद करा. नाहीतर ओढ्यात टाकीन." मोबाईल बंद झाला. मग मी नवऱ्याकडे वळले. "त्या माणसाला फोन लाव. ही अशी घेतोय का विचार, आणि मला ती गाडी आण. आज शनिवार आहे."

नवऱ्यानं दिराकडे पाहिलं. दिरानं चाकाकडे पाहिलं.

"त्याला मी परवाच सांगून टाकलं," नवरा म्हणाला. "नको म्हणून. म्हटलं, त्याला उगाच कशाला ताटकळत ठेवायचं. त्यानं ती दिली त्या दुसऱ्याला."

"मला न विचारता?"

"अगं, सरप्राईज होतं."

मी बरंच बोलले. काय बोलले ते सगळं लिहीत नाही, पण शेजारच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. मी म्हणाले, कंबर मोडलेल्या बाईसाठी गाडी उंच करणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. मी म्हणाले, तुला माझी कंबर दिसलीच नाही, तुला फक्त स्प्रिंगा घ्यायला निमित्त दिसलं. तो म्हणाला, इतकं प्रेमानं केलं त्याची काही किंमतच नाही. तो खरोखर दुखावला होता. त्याचं दुखावणं पाहून तर माझा राग आणखी चढला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ओढ्यापलीकडच्या गोठेवाल्या काकू होत्या. त्यांची पहिलारू गाय सकाळपासून कळा देत होती आणि वासराचा एकच पाय बाहेर आला होता. रजेवर आहे म्हणून सांगता आलं असतं, पण पलीकडून गाईचा आवाज ऐकू येत होता.

"चालव," मी नवऱ्याला म्हणाले. "आज तू चालव."

स्टूलवर चढून मी आत्याबाईंमध्ये बसले. दीर घरीच थांबला. शर्यतीच्या सीटनं मला आवळलं ते खरंच. नव्या कडक स्प्रिंगांमुळे खालचा प्रत्येक दगड पूर्वीपेक्षा जास्त जोरात येत होता, आणि सीट हलू देत नसल्यामुळे त्याला चुकवायचीही सोय नव्हती. ओढ्याच्या पात्रात मी ओठ चावून दाराची मूठ घट्ट धरली. नवरा म्हणाला, "बघ, पाणी दारालासुद्धा लागलं नाही."

गोठ्यापाशी पोचलो आणि कळलं की स्टूल घरी राहिला. उडी मारणं शक्य नव्हतं. काकू धिप्पाड बाई. त्यांनी एक नजर टाकली, पुढं आल्या, आणि त्यांनी खालून व नवऱ्यानं काखेत हात घालून मला पेंडीच्या पोत्यासारखं खाली उतरवलं. गोठ्यातली गडीमाणसं बघत होती. इतकी वर्षं मी या अंगणात डॉक्टर म्हणून उतरत आले.

"डॉक्टर, तुम्ही आजारी आहात?" काकूंनी विचारलं.

"मी नाही. गाडी आजारी आहे. गाय कुठंय?"

वासराची मान मागं वळलेली होती आणि दुसरा पाय आत अडकला होता. अशा वेळी ओढून चालत नाही. आधी वासराला आत ढकलायचं, मान सरळ करायची, मगच ओढायचं. मला वाकता येईना, म्हणून मी पेंढ्यात कुशीवर आडवी झाले आणि खांद्यापर्यंत हात घातला. वासराच्या पायाला दोरी बांधून तिचं टोक नवऱ्याच्या हातात दिलं. "मी सांगेपर्यंत ओढायचं नाही," म्हटलं. त्यानं लगेच ओढलं. त्याला माझं ऐकू येतं, पण ते पोचायला वेळ लागतो. काकूंनी त्याच्या हातातून दोरी काढून घेतली. बोटांना वासराचा जबडा लागला, मी तो वळवला, अडकलेला पाय पुढं घेतला, आणि पुढच्या कळेला ते ओलं, काळं, लांब कानांचं वासरू माझ्या अंगावरच आलं. नाक पुसल्यावर ते शिंकलं. माझे डोळे भरून आले. त्या टेबलाशी बसून मला हे कधीच मिळणार नव्हतं.

मला दोघांनी उभं केलं. हातपाय धुऊन बाहेर आले, तर काकू जीपभोवती फिरत होत्या. खाली वाकून पोट बघत होत्या, चाकं दाबून बघत होत्या.

"ही उंची मला हवी होती," त्या म्हणाल्या. "वरच्या कुरणात माझी ती घासते सारखी."

त्यांची ती म्हणजे दुधाचे कॅन नेणारी ठेंगणी पिकअप. चारही चाकांना जोर, रंग उडालेला, आंबूस वास. मी तिच्याकडे चालत गेले, दार उघडलं आणि नुसतं टेकल्यासारखं करून बसले. कुणाचा हात लागला नाही. सीटवर काकूंनी जाड गादी शिवून घातली होती. क्लच तळव्यानं सहज दबला. स्टेअरिंग दोन बोटांनी फिरलं.

"काकू, बदलता?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

"वर कुरणात जायला ही जीप होईल, दूध न्यायला घरची दुसरी गाडी आहे," काकू म्हणाल्या. "बदलते. पैशांचं वरखाली जे होईल ते बसून बघू."

दोघींनी नवऱ्याकडे पाहिलं. तो आत्याबाईंना टेकून उभा होता. एक हात बॉनेटवर.

"अगं, असं कसं? जरा विचार करायला हवा. भावालाही विचारायला हवं," तो म्हणाला. "घरातली गाडी आहे."

माझी गाडी नको म्हणून सांगायला त्याला कुणालाच विचारावं लागलं नव्हतं. एक फोन पुरला होता.

मी उतरले. त्याच्याजवळ गेले, त्याच्या शर्टाच्या खिशातून किल्ली काढली आणि काकूंच्या हातावर ठेवली.

"कागद माझ्या नावावर आहेत," तो हळूच म्हणाला.

"मग सही कर. कंबर माझ्या नावावर आहे."

काकूंनी मूठ मिटली नाही. किल्ली तशीच तळहातावर धरून त्या त्याच्याकडे बघत थांबल्या. गोठ्यातून गाय वासराला चाटत असल्याचा आवाज येत होता. मग त्यानं मान हलवली, अगदी थोडी, आणि काकूंनी मूठ मिटली.

मी पिकअप सुरू केली. तो येऊन शेजारी बसला. मागं वळून त्यानं जीपकडे पाहिलं आणि रडू लागला. आवाज न करता, लहान मुलासारखं मनगटानं डोळे पुसत. डॉक्टरांनी माझ्या मणक्याचा फोटो उजेडात धरला होता तेव्हा तो शेजारीच उभा होता. तेव्हा त्याचे डोळे कोरडे होते. मला त्याची दया आली नाही. येईल कधीतरी, पण त्या दिवशी आली नाही.

"रड," मी म्हणाले. "पण आधी दार लाव."