बैलायच्या गोठ्यातलं पोराघर

या, बसा. ती घोंगडी ओढून घ्या, खाली गार हाय. आज तुमाले शकुबाईची गोष्ट सांगतो. तिनं बैलायच्या गोठ्यात लेकरायचं घर कसं मांडलं, मांडता मांडता कशी चुकली, आन् चुकूनबी कशी हरली नाही, ते ऐका. मधात चहा मागू नका, गोष्ट मोडते.

तवा निजामाचं राज होतं. दसरा झाला का आदिलाबादच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या लागत, त्या पार होळीपावतो. यशवंतराव मालकाच्या जिनात, म्हंजे सरकी काढायच्या कारखान्यात, बाया कामाले जात. कमरेइतका उंच एक ओटा होता, त्याच्यावर गाड्या रिकाम्या होत. बाया ढिगाच्या भोवती बसून पाला-काडी आन् कवडी, म्हंजे किडका पिवळा कापूस, निवडून बाजूले टाकत. साफ झालेला कापूस गडी टोपल्यानं उचलून आत मशिनीकडं नेत.

या बायायची मुकादमीन शकुबाई. उंच, हाडापेरानं जबर, आन् आवाज असा का जिनाचा भोंगा तिच्यापुढं पिपानी वाटे. गावात कोनाचं लगीन असो, पंगती मांडायच्या त्या तिनंच. मांडवात उभी राहून नुसता हात फिरवे, "इकडं म्हातारे, इकडं लेकुरवाळ्या, वाढपी मधून," आन् पंगत तशीच बसे. आपन चुकतो हे तिले ठाऊकच नव्हतं. चुकली तरी ठाऊक होऊ देत नसे.

लेकुरवाळ्या बाया लेकरं संगच आनत. घरी कोनापाशी ठेवतीन? शकुबाईच्या बहिनीची पोरगी राहीबाई, तिचा नवरा बेल्लमपल्लीले कोळशाच्या खानीत गेला तो तिकडंच रमला. तिचं लेकरू नामा, नुकतं चालू लागलेलं. एक दिवस हे पोट्टं खेळता खेळता ढिगात शिरलं आन् ऊब लागून झोपलं. गड्यानं टोपलं भरलं, डोक्यावर घेतलं, मशिनीच्या तोंडापाशी नेलं, आन् टोपलं शिंकलं!

गड्यानं टोपलं खाली टाकलं. लेकराले काही झालं नाही, उठून हसून राह्यलं. पन मालकाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"बस," मालक म्हने. "संक्रांतीपासून लेकुरवाळी बाई जिनात नको. शकुबाई, सांग साऱ्यायले."

"सांगते. पन मंग कवडी तुमी निवडसान का?"

"गंमत नको! ते लेकरू मशिनीत गेलं असतं तर पोलिसाच्या अमीनसाहेबानं मले बेड्या घातल्या असत्या. आन् बेड्यायचं सोड, मले झोप आली असती का जनमभर?"

शकुबाई जरा नरम झाली. मानूस वाईट नव्हता, भ्यायला होता.

"मालक, लेकरायले दुसरी जागा द्या."

"जागा हाय ना. त्यायच्या घरी."

"घरी सासू सांभाळनारी असती तर सून जिनात कायले आली असती? तो गोठा पडून हाय. लारी आली तवापासून तुमचे बैल गेले, आता तिथं घुशी राज करून राह्यल्या. तो मले द्या. मी लेकरायचं घर मांडते."

मालकानं गोठ्याकडं पाह्यलं, शकुबाईकडं पाह्यलं. "घे. येत्या बाजाराच्या दिवशी मी सोता खुर्ची टाकून बसतो. अंगनात एक लेकरू दिसू नये, आन् सकाळचा ढीग दुपारच्या भोंग्याले साफ पाह्यजे. झालं तर बाया राह्यतीन. नाही झालं तर माझ्या दारात रडायले येऊ नको."

"मी रडत नाही, मालक. मी रडवते."

राहीबाईनं मावशीचा पदर धरला. "मावशी, नाही जमलं तर? मले नामाले घेऊन भीक मागा लागन."

"जमलं धरूनच चाल," शकुबाई म्हने. "आन् पदर सोड, फाटन."

दुसऱ्या दिवशी तिनं बॉयलरची राख टोपलंभर आनली आन् गोठ्यात उभी राह्यली. बाबाराव मिस्त्री फावडं घेऊन आला. तो अन् ती एकाच आळीचे, लहानपनापासून भांडत आलेले. गोठ्याले तीन बाजूले मातीच्या भिती, चौथी बाजू उघडी. ती उघडी बाजू नेमकी ओट्याकडं, मधात गाडी वळन येवढं अंगन.

"पयले ही गव्हान फोडतो," बाबाराव म्हने. मागच्या भितीले लागून बैलायची लांब गव्हान होती, काठ चांगला गुडघ्याच्या वर.

"हात लावशीन तर तुलेच तिच्यात बांधीन! गव्हानीत तनस भर, वर गोधड्या. रांगते लेकरं तिच्यात. काठ धरून उभे राह्यतीन, पडले तर तनसावर पडतीन."

"अन् बैलाचा मूत?"

"तो वाहून जायले उतार हाय ना त्या कोपऱ्याकडं? बैलाले चालला, लेकराले बी चालन. ती झाली मोरी."

मंग राखेच्या रेघा ओढत ती फिरू लागली. तान्ह्यायच्या झोळ्या आड्याले, पन इतक्या खाली का सुटलं तर लेकरू वीतभरच पडावं. उन्हाच्या तिरपीत खेळायची जागा, सावलीत झोपायची. पान्याचा प्रश्न आला. जिनात साऱ्या जातीच्या बाया, कोनी कोनाच्या घागरीचं पीत नसे. शकुबाईनं भितीत खुंट्या ठोकायले लावल्या, जिचा तिचा तांब्या जिच्या तिच्या खुंटीवर. "मोठ्यायचं भांडन लेकराच्या घशापाशी नको," म्हने.

लेकरायवर नजर ठेवायले सोनाबाई नेमली. सोनाबाई कमरेतून गेलेली, उठाबसाले जड, पन जीभ अन् काठी दोन्ही चपळ. शकुबाईनं तिले मधोमध पाटावर बसवलं, हातात काठी देली अन् म्हने, "चारी अंगानं फिरव." काठी जिथवर पोचली तिथवर राखेची रेघ. त्या रेघेच्या आत पोराघर.

"येवढंच?" बाबाराव म्हने. "बाकी गोठा?"

"बाकी घुशीले दे. सोनाबाईले उठाव लागलं तर ते पोराघर नाही, शर्यत झाली."

राह्यली ती उघडी बाजू. बाबारावनं पोटाइतकी भित घालायची गोष्ट काढली. शकुबाईनं मान हालवली.

"पऱ्हाट्यायचा कूड घाल. वरून माती लीप. पार छपराले भिडव, टाचनी जायले फट नको."

"इतका उंच? मेहनत दुप्पट हाय."

"लेकराले माय दिसली का ते रडते. नाही दिसली का घडीभरात इसरते. मी चार पोरं वाढवले, मले शिकवू नको."

बाबारावची दोनच पोरं. त्यानं छपराची उंची मोजली. पऱ्हाट्या, कापसाच्या वाळल्या काड्या, गावभर पडल्याच होत्या, बायायनं भारे आनले, कूड उभा राह्यला, राहीबाईनं सोताच्या हातानं लिपला. बाजूले येक लहान दार, दाराले आडना. काम असं देखनं झालं का शकुबाई दोनदा मांगं जाऊन पाहून आली.

बाजाराचा दिवस उगवला. मालकानं खुर्ची टाकली, पायावर पाय. बायायनं लेकरं आत देले. जरा रडारड झाली, मंग सोनाबाईनं ज्वारीच्या लाह्या वाटल्या, अन् गोठा चूप. शकुबाईनं दारातून डोकावलं. गव्हानीत नामा अन् दुसरे पोट्टे रांगेनं काठ धरून उभे, जसे पेंडीची वाट पाह्यनारे बैल. झोळ्यायतले झोपलेले. अंगनात येक लेकरू नाही.

"पाह्यलं, मालक?" शकुबाई म्हने.

"लेकरं पाह्यले," मालक म्हने. "आता ढीग पाह्य."

शकुबाई वळली. ओट्यावर अर्ध्या जागा रिकाम्या! ढीग सकाळी होता तसाच बसलेला, जसा काही पाहुना.

"राहीबाई कुठं गेली?"

"पानी प्यायले."

"अन् ती तेलंगीन पोचव्वा?"

"तिच्या पोटात कळ आली."

"साऱ्यायच्याच पोटात आली का?"

ती कुडाच्या बाजूनं गेली अन् पाह्यते तर काय, बाया रांगेनं कुडाले कान लावून उभ्या! पोचव्वानं तर काडीनं माती कोरून बोटभर भोक पाडलं होतं, त्याले डोळा लावलेला.

"काय गं, कूड चाटून राह्यल्या का साऱ्या? गूळ लिपला का त्याच्यावर?"

राहीबाई दचकली. "मावशी, आतून आवाजच येत नाही."

"मंग बरंच हाय ना! चूप हायेत लेकरं."

"रडलं असतं तर समजलं असतं का जितं हाय. हे असं चूप... माझा हातच चालत नाही. पांढरं कोनतं अन् पिवळं कोनतं, दिसतच नाही मले."

"अक्का," पोचव्वा म्हने, "माझी पिल्ला, माझी पोट्टी, कोठं बसली ते भोकातून नाही दिसत. फक्त सोनाबाईचं नाक दिसते."

आतून सोनाबाई वरडली, "नाकाले काय झालं माझ्या!"

शकुबाईनं साऱ्यायले हाकललं. गेल्या. घडीभरानं पुन्हा येक उठली, मंग दुसरी. येकीले चुना पाह्यजे, येकीचा पाय मुंगला. शकुबाईनं शिव्या घातल्या, शपथा घातल्या. बसलेल्या बायायचं काम पाह्यलं तर चांगल्या कापसात कवडी तशीच. मालक नुसता पाय हालवत होता, अन् ते बोलन्याहून वाईट.

ऊन चढत चाललं. शकुबाईच्या मनात आलं, पंगत तर चांगली मांडली, जेवनारे काऊन उठून राह्यले? तिनं पदर खोचला, ओट्यावर चढली अन् राहीबाईच्या जागेवर जाऊन बसली. मांडीवर कापूस घेतला. दोन कवड्या काढल्या, अन् मान वर केली.

समोर कूड. चांगला लिपलेला, छपराले भिडलेला, टाचनी जायले फट नाही. तिचं सोताचं कोनी आत नव्हतं, तिचे चारी पोरं मोठे होऊन आपापल्या घरी गेलेले. तरीबी मान पुन्हा वर झाली. आत काय चाललं असन? पुन्हा कवडीवर डोळे, पुन्हा मान वर. तिसऱ्यांदा ती अर्धी उठली, तवा तिले समजलं.

तिनं सारी मांडनी आत उभी राहून केली होती. ओट्यावर बसून येकदाबी पाह्यलं नव्हतं.

दुसरी बाई असती तर डोकं धरून बसती. शकुबाई ओट्यावरूनच वरडली, "बाबाराव! कुऱ्हाड आन!"

बाबाराव धावत आला. "कोनाले मारतं?"

"कुडाले. तिथं उभा राह्य. वर. अजून वर. नको, खाली घे. हां, तुह्या बेंबीपाशी. तिथून वरचा सारा कूड उडव."

"पोटाइतका! मी पयलेच म्हनलो होतो..."

"तू पोट म्हनला होता, मी बेंबी म्हनते. हान!"

"अन् लेकराले माय दिसली का ते रडते, त्याचं काय?"

"रडन तर रडन! येकदा रडन. इथं माया सकाळपासून रडून राह्यल्या."

कुऱ्हाड पडली. वाळली माती ढेपळा-ढेपळानं खाली, पऱ्हाट्या कडाकडा मोडल्या. मालक खुर्चीवरून उठला, "अवं, काय करून राह्यली? काल बांधलं, आज पाडतं?" शकुबाईनं हातानंच त्याले बस म्हनलं. अन् तो बसला.

वरचा कूड गेला तसं ओट्यावरून थेट मागच्या गव्हानीपावतो दिसू लागलं. ओटा उंच, त्याच्यावर बसलेल्या बाईले कुडाच्या वरून सारं उघडं. गव्हानीच्या काठावर लेकरायचे मुंडके, झोळ्या हालत्या, मधात सोनाबाई. नामानं मायले पाह्यलं. ओठ काढला. भोकाड पसरलं, असं का आड्यावरची पाखरं उडाली. राहीबाई अर्धी उठली.

"बस!" शकुबाई म्हने. "हात हालव त्याले, अन् बस."

राहीबाईनं हात हालवला. लेकरू अजून जरा रडलं. मंग मायकडं पाह्यत पाह्यतच शेजारच्या पोट्टीच्या लाह्यात हात घातला. पोट्टीनं त्याच्या हातावर चापट मारली. झालं, रडन्याले दुसरं कारन भेटलं, माय इसरली.

अन् मंग ओट्यावर हात चालू झाले. कापूस फुटफुट उडे, कवडी बाजूले, पाला खाली. बायायचे डोळे घडीत वर, घडीत खाली, जसा सुपातला दाना. कोनाले तहान नाही, कोनाचं पोट दुखत नाही. शकुबाई सोता बसली अन् दोघीचं काम करू लागली. पन सकाळ तर गेलीच होती. सावली पायापाशी आली, ढीग अजून मांडीइतका होता.

बॉयलरवाला मालकापाशी आला. "मालक, टाइम झाला. भोंगा देऊ का?"

ओट्यावर साऱ्यायनं ऐकलं. राहीबाईचे हात थांबले नाही.

मालकानं ढिगाकडं पाह्यलं. गोठ्याकडं पाह्यलं. जाग्यावरून हालनारी येक बाई त्याले दिसली नाही.

"थांब," तो म्हने. "माझा टाइम अजून झाला नाही."

बॉयलरवाला डोकं खाजवत उभा राह्यला. शेवटची मूठ उचलली राहीबाईनं, तिच्यातली कवडी काढली, अन् मालकानं बोट वर केलं. भोंगा असा वाजला का गोठ्यातले सारे लेकरं येका सुरात रडू लागले, अन् बाया हसत हसत ओट्यावरून उड्या टाकून पळाल्या.

"संक्रांतीचं काय मंग?" शकुबाईनं इचारलं.

"तिळगूळ आना, दुसरं काय," मालक म्हने. गोठ्यापाशी जाऊन त्यानं आत डोकावलं, कुडावर कोपर टेकवलं. "शकुबाई, चांगलं हाय. पन माझ्या हिशोबाच्या गादीवरून काही दिसत नाही. त्या भितीले येक खिडकी पाडू का, माझ्या बाजूनं?"

"भितीले हात लावायचा नाही. तिकडून थंडा वारा येते लेकरायले."

"मंग मले कसं दिसन?"

"गादी सरकवा."

बाबारावनं तोंड फिरवलं, हसू आलं म्हनून. अन् मालकानं दुसऱ्या दिवशी खरंच गादी सरकवली, लेकुरवाळ्या होळीपावतो कामावर राह्यल्या, अन् पुढच्या सालीबी. शकुबाईले कोनी इचारलं का बाई, तो कूड आधी उंच कायले घातला होता, तर ती म्हने, "सुकायले. पऱ्हाटी उभी चांगली सुकते."

आता तुमी चालले गावाले, अन् ऐकतो का तुमी बी लेकरायसाठी खोली मांडून राह्यले. मांडा, चांगलं मांडा. पन माझं येक काम करा. भित उचलायच्या आधी त्या लेकरायच्या मायायपैकी कोनालेबी येकीले धरा, तिच्या कामाच्या जागेवर नेऊन बसवा, अन् इचारा तिले, बाई, इथून काय दिसते?