ढब्बू भरला की

तळपायाची आग मस्तकात गेली माझी! भावजींनी, म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याने, मला कोड पाठवला आणि खाली ठोकून दिलं: 'हे मी स्वतः लिहिलं आहे.'

आमचा प्रोग्राम दृष्टिहीनांना पुस्तकं वाचून दाखवतो. फुकट आहे, कोड सगळ्यांना खुला. कुणीही भर घालावी; आत काय घ्यायचं ते मी ठरवते. मध्येच आवाज अडखळायचा, तेवढं दुरुस्त करून हवं होतं. भावजी म्हणाले, मी देतो. मला मेलीला बरंच वाटलं.

वाचायला घेतलं आणि थबकलेच. आवाज साठवायच्या जागेचं नाव होतं 'ढब्बू'. शेजारी शेरा: 'ढब्बू भरला की लगेच रिकामा करा, नाहीतर घोरतो.'

हा माझ्या ताईचा कोड. गाणी वाजवायच्या तिच्या जुन्या प्रोग्राममधला. तिने तो सगळ्यांना देऊन टाकला होता, अट एकच: वापरा, मोडा, विका, पण वर माझं नाव राहू द्या. ताई गेली. मूलबाळ नाही. जगात तिचं नाव उरलंय ते तेवढंच, त्या ओळीत. आणि इथे ती ओळच गायब!

तशीच उठले आणि त्यांच्या घरी गेले. ते जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले होते.

"हे कुठून आणलंत?"

"एआयकडून लिहून घेतलं. हल्ली सगळेच घेतात."

"मग 'स्वतः लिहिलं' कशाला?"

"अगं, मशीनचं ते कुणाचंच नसतं. कोण येणारे विचारायला?"

"मी आलेय ना! निदान वाचलंत तरी का?"

"चाललं, झालं. उगाच राईचा पर्वत करू नकोस. उद्या साहेबांना दाखवायचंय मला."

मी त्यांच्याच लॅपटॉपवर तो शेरा काढला आणि समोर सरकवला. "वाचा. मोठ्याने."

"काय कटकट आहे," म्हणत त्यांनी चष्मा लावला. "ढब्बू भरला की लगेच..."

त्यांना ढब्बू म्हणणारं एकच माणूस होतं.

"हे... मशीनला कसं कळलं?"

"त्याला काय कळतंय, कप्पाळ! तिचा खुला कोड वाचून तसाच ओकलंय ते. तिचं नाव गिळलं त्याने, आणि तुमचं ठेवलं."

त्यांनी चष्मा काढला. डोळे भरून आले होते. मला जराही दया आली नाही.

"खालचं ते 'स्वतः' खोडा," मी म्हणाले. "वर तिचं नाव लिहा. मग रडा."