मायाक्काचे मार्क

शाळा तपासायचं काम सिद्धेश्वरी हत्तुरेला मनापासून आवडायचं. सोलापुरातून सकाळी लवकर निघायचं, माळशिरस तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळा गाठायच्या, पोरांकडून धडे वाचून घ्यायचे, गणितं सोडवून घ्यायची आणि अहवाल लिहायचा. त्या अहवालावर शाळेला श्रेणी मिळायची. पुढं श्रेणी आणि पट बघून निधी किती द्यायचा, शिक्षक किती ठेवायचे, शाळा चालू ठेवायची की शेजारच्या शाळेत मिसळायची, ते वरचे लोक ठरवायचे. आपण लिहितो ते खरं असतं, याबद्दल तिला कधी शंका आली नव्हती.

डिसेंबरातल्या त्या सकाळी ती लिंबमळ्याच्या शाळेत होती. मुख्याध्यापक शिवयोगी सरांनी चौथीतल्या सृष्टीला उभं केलं. पुढचा एक दात अर्धा तुटलेली, टपोऱ्या डोळ्यांची पोरगी. समुद्रावरचा धडा तिनं असा घडाघडा वाचला, की सिद्धेश्वरी ऐकतच राहिली. वाचून झाल्यावर पोरीनंच उलटा प्रश्न टाकला.

‘‘बाई, समुद्र म्हंजे उजनीएवढा असतो का?’’

‘‘उजनीच्या धरणाचा पलीकडचा काठ दिसतो गं,’’ सिद्धेश्वरी हसून म्हणाली, ‘‘समुद्राला पलीकडचा काठच दिसत नाही.’’

‘‘मग त्यो संपतो कुटं?’’

सगळा वर्ग हसला. सिद्धेश्वरीला ती पोरगी फार आवडली.

दुपारी निघायच्या बेताला कार्यालयातून फोन आला. चार किलोमीटरवरची बिरोबावस्तीची शाळा दुसऱ्या अधिकाऱ्यांकडं होती, पण त्यांना ताप भरला होता. जाता जाता तेवढी बघून या, असा निरोप होता. हे ऐकून शिवयोगी सरांचा चेहरा उतरला. ‘‘आज कशाला मॅडम? उद्या जावा की. आधी जेवून तरी घ्या,’’ असं म्हणत त्यांनी तिला पिठलं-भाकरीला बसवलंच. आग्रह गावाकडचाच, म्हणून तिला त्यात वावगं वाटलं नाही.

बिरोबावस्तीची शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एकच शिक्षक, जोतिराम गुरुजी. वस्ती सगळी मेंढपाळांची. वर्ग मात्र भरलेला होता. पोरं ओळीत बसली होती आणि पहिलीतलं बारकं पोरसुद्धा चुळबुळ करत नव्हतं. गेल्या दोन वर्षांत या शाळेला ‘अ’ श्रेणी होती आणि चौथीतली मायाक्का केंद्रातल्या सगळ्या शाळांत पहिली आली होती. सिद्धेश्वरीनं तिचंच नाव पुकारलं.

मागच्या ओळीतून एक पोरगी खाली मान घालून उठली. खोलीत उजेड कमी होता. तिनं पुस्तक तोंडासमोर धरलं आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीला सिद्धेश्वरीनं मान वर केली. आवाज ओळखीचा होता. जुळी बहीण असेल का? मावसबहीण? तिनं स्वतःचीच समजूत घातली आणि मुद्दाम विचारलं,

‘‘मायाक्का, तू समुद्र पाहिलास का गं?’’

‘‘न्हाय बाई,’’ पुस्तक खाली आलं. तुटका दात दिसला. ‘‘पन तुमीच सांगितलं की, त्याला पल्याडचा काठ दिसत न्हाय.’’

आपण काय बोलून बसलो ते पोरीच्या ध्यानात आलं आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सिद्धेश्वरीनं जोतिराम गुरुजींकडं बघितलं. तो पस्तिशीचा माणूस भिंतीला टेकून उभा होता. समोरच्या ओळींवरून तिची नजर फिरू लागली. लाल स्वेटरचा तो मुलगा सकाळी लिंबमळ्यातच होता. ती दोन वेण्यांची मुलगीही.

‘‘यातली तुमची किती?’’ शेवटी तिनं विचारलं.

जोतिरामनं सहा पोरं दाखवली.

सृष्टी रडायला लागली. ‘‘बाई, गुरुजींना काय करू नगा. मायाक्का माझी मैत्रीण हाय. ती आली की मी तिचं नाव तिला परत देनार हाय.’’

त्या वाक्यानं सिद्धेश्वरी मुळापासून हादरली. तिनं पोरीला जवळ घेतलं, डोळे पुसले आणि सगळ्यांना खेळायला बाहेर सोडलं.

‘‘खरी मायाक्का कुठं आहे?’’

‘‘मेंढरामागं,’’ जोतिराम म्हणाला. ‘‘दिवाळी झाली की सगळी बिऱ्हाडं घेऊन निघत्यात, ती मृगालाच परत. नावं पटावर खरी आहेत मॅडम, पोरं खरी आहेत. पण तपासणी येते हिवाळ्यात. वर्ग रिकामा दिसला तर शाळा बंद. मग पोरं जूनमध्ये परत येऊन जातील कुठं?’’

‘‘म्हणून दुसऱ्यांची पोरं बसवलीत?’’

‘‘सरांनी मदत केली. तुम्ही जेवत होता तेवढ्यात पोरं इकडं धाडली. त्यांचाही पट आम्ही असाच भरतो, मॅडम.’’

सिद्धेश्वरी खुर्चीत बसली. सकाळपासून वही भरून लिहिलेलं सगळं तिला एका क्षणात पोकळ वाटायला लागलं. ती म्हणाली, ‘‘मला मायाक्काला भेटायचंय. आत्ता.’’

नातेपुत्याच्या पुढं एका मोकळ्या रानात मेंढरं बसली होती. कोकरं दोरीच्या जाळ्यात कोंडलेली, बाजूला तीन दगडांची चूल. मायाक्काची आई रंभाबाई भाकरी थापत होती. गुरुजींना बघून ती लगबगीनं उठली, घोंगडं अंथरलं.

‘‘या गुरुजी! मॅडम बी आल्यात व्हय? बसा, बसा. आमच्या मायाक्काला बगाय आला?’’

मायाक्का कोकराला कडेवर घेऊन आली. काटक, सावळी, उन्हानं केस तांबूस झालेली. सिद्धेश्वरीनं पुस्तक उघडून तिच्या हातात दिलं. पोरगी चित्रं बघून हसली. ‘‘ही होडी हाय.’’

‘‘खाली काय लिहिलंय?’’

मायाक्कानं गुरुजींकडं बघितलं. मग आईकडं. मग खाली बघत राहिली.

‘‘बरं, तुझं नाव लिही.’’

पोरगी मातीत बसली. बोटानं तिनं ‘मा’ काढला. बराच वेळ विचार करून पुढं एक रेघ ओढली आणि थांबली. सिद्धेश्वरी त्या अक्षराकडं बघतच राहिली. कागदावर ही पोरगी सहावीचं पुस्तक सहज वाचत होती.

रंभाबाईचे हात पिठातच राहिले होते. ‘‘लाजतीया ती,’’ ती म्हणाली. ‘‘पयली आल्याली पोरगी हाय की. गुरुजींनीच सांगितलं फोनवर. आमी पेढं वाटलं हितल्या मळेवाल्यांस्नी. हिचा बा म्हनला, एवडी हुशार हाय तर पावसाळ्यात बी मेंढरं राखू दे, दोन पावसाळं शाळा बुडली म्हनून काय बिगडत न्हाय.’’

रंभाबाईनं मातीतल्या अक्षराकडं बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण पोरगी अडलीय एवढं तिला कळलं. तिनं हळूच विचारलं,

‘‘गुरुजी, मंग त्ये मार्क कुनाचं हुतं?’’

जोतिरामनं मान खाली घातली. ‘‘लिंबमळ्याच्या सृष्टीचं, मावशी.’’

‘‘आन् आमच्या पोरीला?’’

‘‘तिला अजून वाचता येत नाही. शाळा बंद पडू नये म्हणून...’’

‘‘शाळा न्हाई पडली बंद. बरं झालं,’’ रंभाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. ‘‘पन मला सांगायचं हुतं की वं. येत न्हाय म्हनून कळलं असतं तर आमी हिला म्हातारीपाशी ठिवली असती. मी पेढं वाटीत बसले.’’ मग ती पाठ फिरवून चुलीकडं गेली. तव्यावरची भाकरी करपली होती.

परतताना गाडीत सिद्धेश्वरीनं एकच गोष्ट सांगितली. ‘‘मेंढपाळांच्या पोरांबरोबर फिरणारा शिक्षक द्या, असा अर्ज तुम्ही केला होता ना? तो माझ्या बघण्यात आलाय. शाळेची गुणवत्ता उत्तम, वेगळ्या शिक्षकाची गरज नाही, असं म्हणून तो फेटाळलाय.’’

जोतिराम तिच्याकडं बघतच राहिला. ‘‘माझ्याच श्रेणीमुळं?’’ एवढंच त्याच्या तोंडून निघालं. पुढं वस्ती येईपर्यंत तो दोन्ही तळव्यांत तोंड खुपसून बसला होता.

दुसऱ्या दिवशी शिवयोगी सरांचा फोन आला. ‘‘मॅडम, खरं लिहून दोन्ही वस्त्यांचं वाटोळं करू नका. सगळीकडं हेच चालतंय.’’

‘‘सगळीकडं?’’ तिनं विचारलं. पलीकडून फोन ठेवला गेला. गेल्या काही वर्षांत आपण किती शाळांना ‘अ’ दिला ते ती आठवायला लागली.

तिनं खरं लिहिलं. दोन्ही शाळांची श्रेणी रद्द करावी असं लिहिलं, आणि सोबत हेही लिहिलं, की पोरं जिथं आहेत तिथं शिक्षक गेला पाहिजे. कार्यालयात खळबळ उडाली. काहींनी तिला वेड्यात काढलं. सुनावणीला जोतिराम कुणाला सोबत न घेता आला आणि स्वतःच्या तोंडानं सगळं कबूल केलं. त्याची आणि शिवयोगी सरांची वेतनवाढ थांबली. बिरोबावस्तीची शाळा बंद करायचा विषय निघाला, पण मग पटावरच्या पोरांची जबाबदारी कुणाची, हे विचारल्यावर कुणी पुढं येईना. अखेर एका वर्षाची मुदत मिळाली. उरलेल्या सहा पोरांना एक तात्पुरती बाई, आणि मेंढरांबरोबर हंगामभर एक शिक्षक. जोतिरामनं ते काम स्वतः मागून घेतलं.

सिद्धेश्वरी हे सांगायला रानात गेली तेव्हा बिऱ्हाड पुढच्या मुक्कामाला निघालं होतं. घोड्यावर भांडी, घोंगडी, कोंबड्या लादल्या होत्या. रंभाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

‘‘दुसरा मास्तर हवा असेल तर तसं मागता येईल,’’ सिद्धेश्वरी म्हणाली.

रंभाबाईनं मान हलवली. ‘‘नगं. ह्योच येऊ द्या. हिला काय येत न्हाय, त्ये ह्येलाच ठावं हाय.’’

मग तिनं घोड्याचा लगाम धरला आणि मेंढरांना हाक दिली. मायाक्का कळपाच्या मागं चालायला लागली. सिद्धेश्वरी बांधावर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिला करमाळा तालुक्यातल्या एका ‘अ’ श्रेणीच्या शाळेत जायचं होतं, आणि पहिल्यांदाच तिला शाळेत जायची भीती वाटत होती.