डावी बाजू

रेकॉर्डिंगच्या धंद्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. थट्टेत पडलेलं हे नाव त्याने मात्र फारच मनावर घेतलं होतं. कुणाचा सूर केसभर हलला तरी हा पठ्ठ्या काचेमागे भुवई उचलायचा, आणि गाणाऱ्याचा घसा तिथल्या तिथे कोरडा पडायचा.

त्या दिवशी सकाळी अकराला तो स्टुडिओत एकटाच होता. स्टुडिओ म्हणजे काय, दाताच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या आणि मधे जाड काच. साडेबाराला ताई यायची होती, त्याची सख्खी मोठी बहीण. तिचं शेवटचं गाणं रेकॉर्ड करायचं होतं. शेवटचं, कारण दोन महिन्यांपूर्वी यानेच तिला तोंडावर सांगितलं होतं, "ताई, आवाजातली धार गेली गं. आता थांब." ताईने गाण्याची शिकवणी बंद केली, विद्यार्थी दुसरीकडे पाठवले. धाकट्याचा कान खोटं बोलणार नाही, एवढंच ती सगळ्यांना सांगत राहिली.

आदल्या दिवशी सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन टाकलं होतं, आणि आज हेडफोनमध्ये डावी बाजू बोथट येत होती. झांजेचा आवाज उजवीकडून लख्ख यायचा आणि डावीकडून उशीखाली दाबल्यासारखा.

"नवं काही आलं की डोक्याला ताप," असं पुटपुटत तो सेटिंग उघडून बसला. सॅम्पल रेट बरोबर होता. बफर वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. डाव्या-उजव्याचा काटा अगदी मध्यावर होता. कुठल्याशा सहाव्या खिडकीत आवाज आपोआप सुधारणारं काहीतरी चालू सापडलं. 'सापडला चोर' म्हणत त्याने ते बंद केलं, पण फरक शून्य. शेवटी त्याने आऊटपुटची अदलाबदल केली. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. दोष सॉफ्टवेअरचा असेल, तर आता बोथटपणा उजवीकडे जायला हवा होता.

तो गेला नाही.

मग हेडफोनच बिघडले असणार, दुसरं काय! ते डोक्यावर उलटे घालून पाहायचे एवढंच बाकी होतं. कुठल्याही नवख्याने हे सगळ्यात आधी केलं असतं. यालाही ते पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं, आणि तरी तासभर तो खिडक्या उघडत-मिटत बसला होता. आता मात्र त्याने हेडफोन काढले, फिरवले, घातले.

डावी बाजू बोथटच.

मग त्याने कॉम्प्युटरवर तपासणीची एकसुरी शिट्टी लावली आणि सूर वर वर चढवत नेला. एका जागी ती डाव्या कानात विझली. थोडं पुढे गेल्यावर उजव्यातही विझली. पडद्यावरची हिरवी पट्टी मात्र नाचतच होती, म्हणजे शिट्टी चालू होती. आता खायचं काय, हा विचार आधी आला. दुसरा विचार ताईचा आला, आणि त्याच्यापुढे पहिला काहीच नव्हता.

तेवढ्यात ताई आलीच. "अरे, तोंड का उतरलंय तुझं? शेवटचं गाणं माझं आहे, तुझं नाही," असं म्हणून ती काचेपलीकडे गेली आणि तिथले हेडफोन चढवून माइकसमोर उभी राहिली.

ती गायली. त्याने गाणं ऐकलं नाही, नुसतं पाहिलं. पडद्यावर खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत आवाजाचा आलेख चालला होता. जिथे त्याची शिट्टी विझली होती, त्याच्याही पुढे ताईची रेघ ताठ उभी होती. दहा वर्षांपूर्वीचं तिचं एक गाणं काढून त्याचा आलेख त्याने शेजारी ठेवला. दोन्ही रेघा सारख्याच उंच होत्या. ताईच्या आवाजातून काही म्हणजे काही गेलं नव्हतं.

"कसं झालं रे?" गाणं संपल्यावर तिने विचारलं.

छान झालं म्हणावं आणि तिला घरी पाठवावं. कुणाला पत्ता लागणार होता? भीतीने ते वाक्य त्याच्या जिभेवर आणूनही ठेवलं. त्याने ते गिळलं.

"ताई, धार तुझी नाही गेली गं. माझा कान गेलाय. मला वरचे सूर ऐकूच येत नाहीत."

ताई तशीच हसत उभी होती. पलीकडे बोलण्याचं बटण दाबायचंच राहिलं होतं. इतकं बळ पुन्हा कुठून आणायचं ते त्याला कळेना. तरी त्याने बटण दाबलं आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

ताईने कानांवरचे हेडफोन घट्ट दाबून धरले. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ती माइकजवळ वाकली.

"कधीपासून?"

"माहीत नाही, ताई," तो म्हणाला. "आणखी कुणाकुणाला थांब म्हणालोय, ते आठवायचीसुद्धा भीती वाटतेय."